काठीच्या पोटात सुरी

चैत्रात गोरोबाकाकांची यात्रा भरली म्हणजे आमच्या तेर गावी तेरणेच्या काठाला घिसाड्यांची पाले पडतात. यंदाही पडली. यात्रा उठली, पाळणे गेले, बांगड्यांची दुकाने गेली, तरी एक घिसाडी कुटुंब मागे राहिले होते. कारण पेरणीच्या आधी विळे, खुरपी, कुऱ्हाडी पाजवून घेणारांची रीघ काही संपली नव्हती. त्याचे पोर चार दिवस आमच्या शाळेत येऊन बसत असे. एके सकाळी तेच पोर धावत आले आणि म्हणाले, ‘गुरुजी, बानं बोलावलंय.’

आम्ही जाऊन पाहतो तो पालापुढे आमचाच एक जुना विद्यार्थी उभा. वय बाविशीचे, घरी चार एकर रान, त्यातील एक विहिरीखाली. हातात पुरुषभर उंचीचा चांगला बांबू. त्याचे म्हणणे असे की, हा बांबू आतून कोरावा, त्यात वीतभर पाते बसवावे, वरची मूठ फिरवून ओढली की पाते बाहेर निघावे, एरवी पाहणाराला ती साधी काठी दिसावी. मजुरी पाचशे रुपये. घिसाड्याने भाता थांबविला होता. घिसाडीण घण खाली ठेवून आमच्याकडे पाहत होती.

‘गुरुजी, ह्ये करू का नको, तुमीच सांगा,’ घिसाडी म्हणाला. ‘पाचशे रुपयं वाईट न्हाईत. पर उद्या पोलिसानं मला धरलं तर ह्यो येनार हाय का सोडवाया?’

पोरगा रागावला. ‘गुरुजी, मी काय चोरी करायलो का दरोडा? रातच्याला बारा वाजता लाईट येती. मोटर चालू कराया एकट्यालाच जावं लागतंय. येडशीच्या रानात वाघ आल्ता, बिबट्या हाय, लांडगं हायती. हातात काय तरी नको का?’

आम्ही दोघांसही उद्या सांगतो म्हणालो व घरी आलो. पोराचे भय खोटे नव्हते आणि घिसाड्याचेही खोटे नव्हते. तेव्हा कायद्याचे पुस्तक एका वकील स्नेह्याकडून आणविले व रात्री दिव्याशी बसून वाचले. त्यातून जे कळले ते आमच्या शेतकरी व कारागीर बंधूंपुढे ठेवण्यासाठी हा लेख लिहीत आहो. कारण असा बांबू घेऊन फिरणारा आमचा एकटाच विद्यार्थी नाही.

प्रथम हे सांगितले पाहिजे की, सरकारचा शस्त्रांचा कायदा काठीचा वैरी नाही. हा कायदा १९५९ सालचा. शस्त्र म्हणजे काय हे सांगताना त्याच्या दुसऱ्याच कलमात असे म्हटले आहे की, हल्ला किंवा बचाव करण्यासाठी घडविलेली वा तशा कामी येईल अशी केलेली वस्तू म्हणजे शस्त्र. त्यात बंदुका आल्या, धारेची हत्यारे आली. परंतु केवळ घरकामासाठी वा शेतीकामासाठी केलेल्या वस्तू त्यात धरू नयेत असेही तेथेच लिहून ठेवले आहे, आणि उदाहरण म्हणून नावे कोणती घातली आहेत? लाठी, आणि साधी चालण्याची काठी! आमच्या धनगराच्या खांद्यावरील काठी, वारकऱ्याच्या हातातील काठी, म्हाताऱ्याच्या आधाराची काठी, या सर्वांस दिल्लीच्या कायद्याने नाव घेऊन मोकळे सोडले आहे. एवढा मान विळ्यास किंवा कुऱ्हाडीसही तेथे नावाने मिळालेला नाही.

आता त्याच कायद्याखाली केलेले नियम पाहा. पहिले १९६२ साली झाले, हल्लीचे २०१६ चे आहेत. त्यांत शस्त्रांचे वर्ग पाडले आहेत. पाचव्या वर्गात तलवारी, खंजीर, संगिनी, भाले, फरशा अशी धारेची हत्यारे येतात. आणि तलवार या शब्दापुढेच कंसात घातले आहे की, यात काठीतील तलवारही धरावी. म्हणजे आपण जिला गुप्ती म्हणतो ती. त्यापुढे सुऱ्या आणि तशाच इतर पात्यांची गोष्ट आहे. तेथे माप दिले आहे: पाते ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद असेल तर ते या वर्गात येते, मात्र घरकाम, शेती, उद्योगधंदा यांसाठी केलेले पाते तेवढे असले तरी येत नाही.

येथे आमच्या विद्यार्थ्यासारखा हुशार मनुष्य लगेच म्हणेल की, मग मी साडेआठ इंचांचे पाते बसवितो. काठीत बसविलेले आखूड पाते ही तलवारीची काठी होते किंवा नाही, यावर दोन वकील दोन दिवस बोलू शकतील आणि दोघांचीही फी तुमच्याच रानातून जाईल. पण मूळ व्याख्या विसरू नका. वस्तू कशासाठी घडविली, हा तेथे पहिला प्रश्न आहे. स्वयंपाकघरातील सुरीने कांदा चिरतात, हे तिच्याकडे पाहून कोणीही सांगेल. काठीच्या पोटात दडवून ठेवलेल्या सुरीने काय चिरावयाचे आहे? कांदा चिरणाराला सुरी लपवावी लागत नाही. तिचे नावच आपल्या पूर्वजांनी गुप्ती ठेवले आहे; नाव घेताच कबुलीजबाब होतो.

या ठिकाणी एक फरक आमच्या बंधूंनी नीट ध्यानात घ्यावा, कारण सगळी गोम त्यातच आहे. आमच्याकडे शेळ्या-मेंढ्या राखणारा मनुष्य लांब काठीच्या टोकास विळा बांधतो व बाभळीचा, लिंबाचा पाला पाडतो. ती काठीही आहे आणि तिला पातेही आहे. मग ती गुप्ती झाली काय? मुळीच नाही. तिचे पाते दहा हातांवरून दिसते, तिचे काम शेळीसही ठाऊक असते. काठीला पाते असणे हा गुन्हा नव्हे. काठी साधी दिसावी आणि आतून ती हत्यार असावे, ही लबाडी जेथे येते तेथे कायद्याने दिलेली सूट नाहीशी होते. लाठी म्हणून जी माफी मिळाली ती लाठीस मिळाली, आतल्या पात्यास नव्हे. लाठी पोकळ करून पाते घातले की लाठीची माफी गेली आणि पात्यासाठी कोणी माफी दिलेली नाही.

आता परवान्याविषयी. बंदुकीस देशात कोठेही परवाना लागतो. पात्याच्या हत्याराचे तसे नाही. कायद्याच्या चौथ्या कलमाप्रमाणे केंद्र सरकारने अधिसूचना काढून जो मुलूख नेमला असेल, त्या मुलखात नेमलेल्या प्रकारचे हत्यार परवान्यावाचून घेता, बाळगता वा नेता येत नाही. ‘मग आमचे गाव त्यात नसेल,’ असे म्हणून कोणी निजू नये. आमच्या मराठी वर्तमानपत्रात रोज कोठे ना कोठे तलवार अगर गुप्ती धरल्याची बातमी असते आणि तिच्याखाली हत्यार कायद्याचे ४ व २५ हेच कलम असते. यातील पंचविसावे कलम शिक्षेचे आहे. ती कैदेची आहे, केवळ दंड भरून सुटण्याची नव्हे.

आणि घिसाड्याचे भय तर पोराच्या भयाहून खरे निघाले. पाचवे कलम बनविणाराचे व विकणाराचे आहे. नेमलेल्या वर्गातील हत्यार परवान्यावाचून घडविणे, विकणे, त्याचे रूप पालटणे यास तेथे मनाई आहे, आणि त्या गुन्ह्याची शिक्षा बाळगणाराच्या शिक्षेहून जबर ठेविली आहे. २०१९ साली कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हा ती आणखी वाढविली. पोराने पाचशे रुपये देऊन स्वतःसाठी जेवढे संकट विकत घेतले असते, त्याहून मोठे संकट पाचशे रुपये घेणाराच्या पदरात पडले असते. ज्याचे घर पाल, ज्याचा पत्ता रस्ता, त्याच्यासाठी जामीन कोण राहणार? गावात कोठे चोरी झाली तरी पहिला संशय ज्यांच्यावर घेतला जातो ते हे लोक. त्यांच्या ऐरणीवर गुप्ती सापडली तर त्यांचे ऐकून घेणारे कोण आहे? म्हणून आमचे लोहार व घिसाडी बंधूंना स्पष्ट सांगणे आहे: विळा करा, कोयता करा, कुऱ्हाड करा, फाळ करा, जे लपवावयाचे म्हणून सांगितले जाईल ते करू नका, मग सांगणारा गावचा पाटील असो की सरपंचाचा मुलगा असो.

कायदा एवढ्यावरच थांबत नाही. १९५१ सालचा मुंबई पोलीस कायदा आता महाराष्ट्र पोलीस कायदा या नावाने चालतो. त्याच्या सदतिसाव्या कलमाने जिल्ह्याच्या दंडाधिकाऱ्यास शांततेसाठी हुकूम काढून शस्त्रे, सोटे, तलवारी, भाले, बंदुका, सुऱ्या, एवढेच नव्हे तर काठ्या व लाठ्यादेखील घेऊन फिरण्यास मनाई करता येते. सणवार आले, मोर्चे निघाले, निवडणुका लागल्या की असे हुकूम जिल्ह्या-जिल्ह्यांतून निघतात. तो मोडल्यास १३५ व्या कलमाखाली एक वर्षापर्यंत कैद, आणि लेखी कारण दिल्याखेरीज चार महिन्यांहून कमी नाही. म्हणजे एका कायद्याने काठीस मोकळीक दिली आणि दुसऱ्याने काही दिवसांपुरती ती काढून घेण्याचा अधिकार ठेविला. यास आमची हरकत नाही. दंगलीच्या दिवसांत हातात लाठ्या घेऊन कोणी चौकात उभे राहू नये हे आम्हांस मान्य आहे. आमची तक्रार निराळी आहे. हा हुकूम निघतो तो कचेरीच्या फळ्यावर लागतो, वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळी येतात, आणि त्याची मराठी अशी असते की मास्तराने दोनदा वाचली तरी तिसऱ्यांदा वाचावीशी वाटते. ज्याच्या हातात काठी आहे त्याला तो कळावयाचा कसा? हल्ली प्रत्येकाच्या खिशात फोन आहे, ग्रामपंचायतीवर भोंगा आहे. लग्नाच्या पंगतीची आणि पाणी सुटण्याची वेळ ज्या भोंग्यावरून सांगतात, त्यावरून हा हुकूम साध्या भाषेत का सांगू नये? पोलीसपाटलाने व कोतवालाने एवढे जरी केले तरी पुष्कळ गरिबांची फुकटची पायपीट वाचेल.

तिसरा कायदा रानाचा. आमचा विद्यार्थी ज्या येडशीच्या रानाचे नाव घेत होता ते येडशी रामलिंग घाटाचे अभयारण्य आहे. २०२४ च्या डिसेंबरात तेथे खराच वाघ आला. तो यवतमाळकडील टिपेश्वरच्या रानातून निघून, वाटेतील शेते, रस्ते, नद्या ओलांडून इतक्या दूर चालत आला होता. त्याने धाराशिव व बार्शी या भागात गुरे मारली. वनखात्याने त्यास धरण्याची खटपट केली, आणि त्या दिवसांत सायंकाळनंतर रानात जाण्यास माणसे धजत नव्हती हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे अभयारण्यात लेखी परवानगीवाचून कोणतेही हत्यार घेऊन शिरता येत नाही, आणि त्या कायद्यात हत्यार या शब्दाखाली सुरीसुद्धा घातली आहे. तेव्हा रामलिंगाच्या दर्शनास जाणारे भाविक, सुट्टीत काठ्या टेकीत घाट चढणारी शहरातील तरुण मंडळी, आणि चुकलेली शेळी शोधीत आत शिरणारा गुराखी, या सर्वांनी काठीत पाते ठेवून आत जाणे म्हणजे स्वतःहून पाऊल फासात घालणे होय. किल्ले पाहत हिंडणाऱ्या मुलांसही आमचे हेच सांगणे आहे. नळदुर्ग, परांडा पाहावयास काठी घेऊन खुशाल जावे; काठीत काही घालून जाऊ नये.

जनावर अंगावर आले तर काय करावे? त्याच कायद्याच्या अकराव्या कलमात स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचविण्यासाठी सद्हेतूने जनावरास मारले वा जखमी केले तर तो गुन्हा होत नाही, असे स्पष्ट आहे. परंतु त्या वेळी मनुष्य स्वतः त्या कायद्याविरुद्ध काही करीत असता कामा नये, अशी अट आहे. अभयारण्यात लपविलेले पाते घेऊन शिरलेल्या मनुष्यास ही सूट मिळण्याची आशा कितपत, ते वाचकांनीच ठरवावे.

आता कोणी आम्हांस म्हणेल, ‘गुरुजी, शिवछत्रपतींनी वाघनख लपविलेच होते ना? प्रतापगडाखाली १६५९ साली ते नसते तर काय झाले असते?’ हा प्रश्न शाळेतील पोरेही विचारतात. २०२४ साली विलायतेहून वाघनख साताऱ्यास पाहण्यासाठी आणले तेव्हापासून तर फारच. त्याचे उत्तर आम्ही वर्गात देतो तेच येथे देतो. महाराजांपुढे खान उभा होता आणि दोघांच्या वर न्याय करणारी कोणतीही कचेरी नव्हती. तुमच्यापुढे बांधावरचा चुलतभाऊ उभा असतो. आणि वर तलाठी आहे, ठाणे आहे, कोर्ट आहे. ती कितीही मंद चालोत.

बांधाचे नाव निघाले म्हणून सांगतो. पाच-सहा वर्षांपूर्वी शेजारच्या शिवारात दोन चुलतभावांचे हातभर बांधावरून भांडण झाले. अशी भांडणे दर मृगास होतात. शिव्यागाळी होते, फार तर एखादी काठी पाठीत बसते आणि दिवाळीस दोघे एका ताटात जेवतात. त्या दिवशी एकाच्या काठीत पाते होते. त्याने ते लांडग्यासाठी म्हणून करून घेतले होते व वर्षभर त्याने लांडगा पाहिला नव्हता. रागाच्या भरात मूठ ओढली गेली. पुतण्या मध्ये पडला होता, त्याच्या पोटात ते गेले. मुलगा वाचला, सोलापुरास दोन महिने राहून वाचला. पण धाकट्याची दीड एकर जमीन वकिलात गेली, थोरल्याची दुभती म्हैस दवाखान्यात गेली, आणि ज्या हातभर बांधासाठी हे झाले तो आता दोघांचाही राहिला नाही. साधी काठी असती तर फौजदारी झाली असती. नाही असे नाही. पण १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही, आधीच्या दंडसंहितेप्रमाणेच, नुसती दुखापत आणि धारेच्या वा घातक हत्याराने केलेली दुखापत यांस निराळी कलमे व निराळ्या शिक्षा आहेत. घातक हत्याराने जबर दुखापत केली तर जन्मठेपेपर्यंत मजल जाते. स्वसंरक्षणाचा हक्क त्या संहितेने ३४ ते ४४ या कलमांत मान्य केला आहे व तो गरीब-श्रीमंत सर्वांस आहे. पण मी बचाव केला असे सांगणाराच्या काठीतून आधीच बसवून ठेवलेले पाते निघाले, म्हणजे ‘हा घरून निघतानाच मनात काही योजून निघाला होता,’ असे समोरचा वकील म्हणणार.

हे सर्व वाचून काहींच्या मनात येईल की, गुरुजी सरकारची बाजू घेऊन गरिबाच्या हातातील हत्यार काढून घेत आहेत. तसे नाही. हत्यारांचा प्रश्न आमच्या देशात फार जुना आहे. १८७८ साली इंग्रजांनी खालसा मुलखात शस्त्रांचा कायदा केला तो येथील लोकांस निःशस्त्र ठेवण्यासाठीच केला. गोऱ्यास सवलत व काळ्यास मनाई असा तो होता. म्हणून तर १९३१ साली कराचीच्या काँग्रेसने नागरिकाच्या हक्कांत नियमांस धरून शस्त्र बाळगण्याचा हक्क घातला. पुढे १९४८ च्या डिसेंबरात घटना समितीत श्री. कामत यांनी तो हक्क घटनेत घालावा अशी सूचना आणली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ती मान्य केली नाही. त्यांचे म्हणणे असे होते की, परकी सरकार भेदभाव करीत होते तेव्हाची ती मागणी होती; आता देश आपला झाल्यावर हक्कापेक्षा, वेळ येईल तेव्हा देशासाठी शस्त्र धरण्याच्या कर्तव्याचा विचार केला पाहिजे. घटनेने आपणांस एकत्र जमण्याचे स्वातंत्र्य दिले तेही शांततेने व निःशस्त्र जमण्याचे. शीख बंधूंची कृपाण मात्र घटनेच्या २५ व्या कलमाने मान्य केली आहे. नांदेडास जाऊन आलेल्या आमच्या वाचकांनी ती पाहिली असेल. ती धर्माची खूण म्हणून धारण केलेली असते आणि कोणाची आहे हे सर्वांस ठाऊक असते. काठीच्या पोटातली नसते.

विलायतेचीही गोष्ट ऐकून ठेवावी. तेथील मोठे लोक एके काळी हातात रुबाबाची छडी घेऊन फिरत आणि आत बारीक तलवार असे. १९८८ साली त्या सरकारने पोकळ छडीत पाते असलेली वस्तू बनविणे, विकणे बंद केले. शंभर वर्षांपलीकडील जुनी तेवढी वगळली. म्हणजे ज्यांनी आम्हांस हत्यारांची मनाई शिकविली त्यांनाही शेवटी आपल्या लोकांच्या छड्या तपासाव्या लागल्या.

परंतु आमचा खरा राग कोठे आहे तेही सांगतो. शस्त्रांच्या कायद्यात पिकांच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची सोय आहे. ती सोय आहे हे आमच्या गावातील किती कुणब्यांस ठाऊक आहे? आणि ठाऊक झाले तरी अर्ज, दाखले, चौकशी, हेलपाटे यांतून तो पार पडेल काय? ज्याच्या ओळखी आहेत त्याच्या कमरेला पिस्तूल लटकते व तो लग्नाच्या वरातीत ते दाखवीत फिरतो. ज्यास रात्री बारा वाजता ओल्या सरीत अनवाणी उतरावयाचे आहे, त्यास मात्र बांबू कोरावा लागतो. पुण्यास २०२३ च्या आरंभी टोळक्यांनी कोयते घेऊन धुमाकूळ घातला तेव्हा पोलिसांनी कोयता विकत घेणाराचे आधार कार्ड पाहण्याचे दुकानदारांस फर्माविले. शहरापुरते ते ठीक असेल. पण कोयता हे ऊसतोड्याचे पोट आहे. ढोकीपासून थेट कोल्हापुरापर्यंत कारखान्यांच्या फडात आमचे लोक त्यावरच जगतात. गुंडाने कोयता उचलला म्हणून फडकऱ्याच्या कोयत्याकडे कोणी वाकड्या नजरेने पाहू लागेल तर ते आम्ही ऐकून घेणार नाही. गोरोबाकाकांनी थापटीने संतांची डोकी ठोकून कच्चे-पक्के पाहिले, अशी कथा आमच्या गावचे लहान मूल सांगते. म्हणून कुंभाराची थापटी काही हत्यार ठरली नाही. अवजार उघडे असते व त्याचा धंदा सर्वांस माहीत असतो, म्हणूनच आमचे म्हणणे आहे की, अवजारास उघडेच राहू द्या. आपणच काठीत सुऱ्या लपवू लागलो तर उद्या आपल्या विळ्या-कोयत्यांवरही संशय घेण्यास सरकारास कारण मिळेल.

आणि रात्रीचे भय? त्याचा इलाज पात्यात नाही, विजेच्या वेळापत्रकात आहे. ज्यांच्या फीडरवर रात्रीची पाळी येते त्यांस दिवसा वीज द्या, मग कोण कशाला बांबू कोरील? सौर पंपांच्या व सौर फीडरच्या योजना निघाल्या आहेत. त्या आमच्या शिवारापर्यंत पोहोचविण्याचे काम तेवढे झटून करावे. तोपर्यंत आमच्या लोकांनी एकट्याने जाऊ नये. शेजाऱ्याशी पाळी जुळवून दोघांनी जावे, मोठी बॅटरी बाळगावी, मोठ्याने बोलत जावे. बिबट्या दिसला तर वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करावा. जुन्या धनगरांच्या काठीस घुंगरू असत. आम्हांस लहानपणी ती हौस वाटे. पण रात्री चालताना वाजणारी काठी जनावरास दुरूनच सांगते की माणूस येत आहे, आणि बहुतेक जनावर माणूस येतो म्हटले की वाट सोडते. अचानक पुढ्यात आलेलेच जनावर उलटते.

दुसऱ्या दिवशी आम्ही हे सारे त्या दोघांस सांगितले. कायद्याचे ऐकून पोरगा फारसा नमला नाही, हे कबूल केले पाहिजे. नमला तो घिसाड्याच्या बोलण्याने. त्याने तो बांबू हातात घेऊन आडवा धरला, गुडघ्यावर टेकला आणि म्हणाला, ‘दादा, भरीव काठी मार खाती. ही पोखरली की पहिल्याच दणक्याला चिरंल. मंग हातात ना काठी ना सुरी. आन मुठीला आडवं काय नसलं तर पातं खुपसताना तुजाच हात धारंवर सरकंल. म्या तलवारीबी बघितल्यात, त्यास्नी मूठ उगाच नसती.’ चाळीस वर्षे लोखंड ठोकणाऱ्या मनुष्याने ही विद्या एका वाक्यात सांगितली. आम्ही रात्रभर कायद्याची पाने उलटून जे साधले नाही, ते तेथे साधले.

पोराने मग त्याच्याकडून ओंजळीएवढा एक विळा करून घेतला, पाला पाडण्यास. शिवाय काठीच्या खालच्या टोकास झिजू नये म्हणून लोखंडी कडे बसवून घेतले. घिसाड्याने दोन्हींचे मिळून दोनशे रुपये घेतले आणि काड्यांच्या पेटीएवढा एक लोखंडी तुकडा आमच्या शाळेच्या घंटेस टोला म्हणून फुकट दिला. परवा ते पाल ढोकीच्या रस्त्यास लागले. पोराचे वही-पुस्तक आम्ही त्यांच्या गाडीत घातले आहे. पुढच्या गावच्या गुरुजींनी त्यास वर्गात बसवून घ्यावे, त्यास पाढे पंधरापर्यंत येतात.